शिशाच्या अस्तराची फिल्म पिशवी: घेऊ नका

कॅमेऱ्याच्या फिल्मचे रोल विमानतळावरच्या एक्स-रेपासून वाचवायला ही पिशवी घेतात, पण स्कॅनरच्या पडद्यावर ती काळा ठोकळा दिसते. मग सुरक्षारक्षक बॅग उघडायला लावतात, नाहीतर पुन्हा मशीनमध्ये सरकवतात. चेक-इन सामानात तर हिच्या भरवशावर कोरे रोल अजिबात टाकू नका, तिथले किरण फार तीव्र असतात. केबिन सामानाच्या जुन्या एक्स-रे मशीनमधून ४०० आयएसओची (आयएसओ म्हणजे फिल्मची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) फिल्म एक-दोनदा गेली तर बहुधा काही बिघडत नाही. खरी भीती नव्या सीटी स्कॅनरची (बॅगेचं त्रिमितीय चित्र घेणारं मशीन): एकाच फेरीत फिल्म धुरकटू शकते, सावल्यांतला काळा रंग राखाडी पडतो, ग्रेन (फोटोतले खरखरीत ठिपके) वाढतं. डेल्टा ३२०० सारख्या वेगवान, म्हणजे प्रकाशाला जास्त संवेदनशील फिल्मला सर्वांत आधी फटका बसतो.

त्यापेक्षा रोल खोक्यातून काढून पारदर्शक झिप पिशवीत ठेवा आणि बॅग पट्ट्यावर चढवण्याआधीच हातानं तपासणी मागा. कॅमेऱ्यात अर्धवट वापरलेला रोल ठेवून निघू नका. डेव्हलप केलेल्या निगेटिव्ह खुशाल मशीनमधून जाऊ द्या.