लँगॉलन की केनेट-एव्हन?

मित्रांसोबत ब्रिटनमध्ये नॅरोबोट (कालव्यांत चालणारी लांब, अरुंद बोट) भाड्याने घ्यायची असेल, तर मी लँगॉलन कालवाच सुचवेन. टेलफर्ड आणि जेसप या अभियंत्यांच्या, १८०५ साली पूर्ण झालेल्या पॉन्टकसिल्टे जलसेतूवरून बोट जाते तेव्हा एका बाजूला पायवाट व कठडा असतो, दुसऱ्या बाजूला मात्र ज्यातून कालवा वाहतो त्या लोखंडी पन्हळीची बुटकी कड आणि सुमारे ३८ मीटर खाली डी नदी. तिथे गप्पा आपोआप थांबतात. याउलट केनेट-एव्हन कालव्यावर डेव्हायझेस गावाजवळ केन हिलची २९ लॉक (पाण्याची पातळी बदलून बोट वर-खाली नेणारे, दारे असलेले हौद) आहेत. प्रत्येक ठिकाणी हँडल फिरवून झडपा उघडाव्या लागतात आणि लांब तुळईला पाठ लावून दार रेटावे लागते. सहा धडधाकट मित्र असतील तर ही मेहनतही आनंदाची ठरते. दोघेच असाल, तर तो टप्पा टाळावा.