स्वादुपिंडाच्या गाठीसाठी ईयूएस सुया: सोलापुरात कोणती परवडते?

ईयूएसने (एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड: तोंडावाटे आत घातलेल्या दुर्बिणीच्या, म्हणजे स्कोपच्या, टोकावरची सोनोग्राफी) स्वादुपिंडाच्या गाठीचा नमुना घ्यायला दोन जातीच्या सुया मिळतात: पेशी ओढणारी एफएनए आणि तुकडा कापणारी एफएनबी. मोठ्या केंद्रांत पॅथॉलॉजिस्ट शेजारीच बसून स्लाइड बघतो आणि ‘पुरे’ म्हणतो, तिथे एफएनएवर निभावतं. सोलापुरात बहुतेक ठिकाणी ही सोय नाही. म्हणून आमचं मत: महाग पडली तरी २२ गेजची एफएनबी घ्या (गेज म्हणजे सुईच्या जाडीचं माप; आकडा मोठा तेवढी सुई बारीक).

एफएनए टाकाऊ आहे असं नाही. नेहमीच्या अ‍ॅडिनोकार्सिनोमात (स्वादुपिंडाचा सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर) ती निदान देते. पॅथॉलॉजिस्ट नसेल तर तीन-चार पास (गाठीत सुई घालण्याच्या फेऱ्या) लागतात, एफएनबीला दोन-तीन. पण टीबी, ऑटोइम्यून पॅन्क्रियाटायटिस (शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीमुळे स्वादुपिंडाला येणारी सूज), लिम्फोमा (लसिका पेशींचा कॅन्सर) हे सोनोग्राफीत कॅन्सरसारखे दिसतात आणि सुट्या पेशींवरून त्यांचा छडा लागणं अवघड. ‘नमुना अपुरा’ असा रिपोर्ट आला की अक्कलकोट-विजयपूरच्या रुग्णाला पुन्हा उपाशीपोटी बोलवा, पुन्हा भूल द्या. सुईत वाचलेले पैसे तिथेच जातात.

एफएनबीत अ‍ॅक्वायर (तीन दातांचं टोक) आणि शार्ककोर (काट्यासारखं टोक) यांत डावं-उजवं करण्यासारखं फारसं नाही. जी वेळेवर मिळेल ती घ्या. उलट्या खाचेची जुनी प्रोकोर तुकडा कमी देते. २०२१ मध्ये ८०० रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली: नव्या एफएनबी सुया वापरल्या तर पॅथॉलॉजिस्ट खोलीत असो वा नसो, अचूकता ९६-९७ टक्क्यांच्या आसपासच राहिली.

१९ गेज आम्ही यादीतून काढू. गाठ स्वादुपिंडाच्या डोक्यात किंवा अनसिनेटमध्ये (डोक्याच्या खालच्या आकडीसारख्या भागात) असली की स्कोप ड्युओडेनममध्ये (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात) वाकलेला असतो. ताठ सुई तिथे पुढे सरकत नाही आणि जोर लावला की स्कोपचं चॅनेल (सुई जाते ती आतली नळी) फाटतं. दुरुस्तीचं बिल सुईच्या कितीतरी पट. अशा जागी २५ गेज. तीही अडली तर स्कोप सरळ करून सुई थोडी पुढे आणायची, मग परत वाकवायचं. शीथ (सुईवरचं आवरण) चॅनेलच्या बाहेर दिसल्याशिवाय सुई सोडायची नाही. गाठीपर्यंतचं अंतर मोजून स्टॉपर (सुई ठरल्यापेक्षा पुढे जाऊ न देणारी अडसर) आधीच आवळायचा.

गाठीत शिरल्यावर सिस्टरने स्टायलेट (सुईच्या पोकळीतली बारीक तार) सावकाश ओढायचा. तेवढ्यात दहा-पंधरा वेळा सुई मागे-पुढे, दर वेळी दिशा किंचित बदलून. एकाच भोकात ठोकत राहिलं की मधला मेलेला भागच हाती येतो. न्यूरोएंडोक्राइन गाठ (हार्मोन बनवणाऱ्या पेशींची) रक्ताने भरलेली असते, तिथे सिरिंजचं सक्शन नको. नुसत्या गुठळ्या येतात.

नमुना स्टायलेटने पेट्री डिशमध्ये ढकला आणि उजेडात बघा. पांढरट धागा किमान ४ मिलिमीटर असेल तर बरं. लाल धागा म्हणजे बहुधा रक्त. तुकडा १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये. टीबीची शंका असेल तर एक भाग सलाइनच्या वेगळ्या बाटलीत, कारण फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात आणि कल्चर (जंतू वाढवून बघण्याची तपासणी) होत नाही. ही बाटली खोलीत आधीच हवी. ऐनवेळी शोधताना सगळा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये गेलेला असतो.

सुई धुऊन पुन्हा वापरायचा विचार मात्र नको. आतली पोकळी साफ होत नाही, आधीच्या रुग्णाच्या पेशी पुढच्याच्या स्लाइडवर उतरू शकतात आणि बोथट टोक कापण्याऐवजी चिरडतं.