सोसायटीच्या रिपेअरिंगचा कॉन्ट्रॅक्टर: अर्धा पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

जुलैत पाऊस जरा लागून पडला आणि बी विंगच्या पश्चिमेकडच्या बेडरूममध्ये परत ओल आली, म्हणून हे लिहायला बसलोय. काम एप्रिल-मेमधलं, म्हणजे पेंटचा वास पण नीट गेला नाही तोवर भिंतीला बुरशी. कंपनीचं नाव देत नाही, वाद चालू आहे.

आमची बिल्डिंग मुलुंड पूर्वेला, तळ अधिक चार, तिशी कधीच ओलांडलेली. त्यामुळे बीएमसीची ३५३-बी ची नोटीस (जुन्या इमारतीची तपासणी करून घ्या अशी), स्ट्रक्चरल ऑडिट, रिपोर्टमध्ये सी-टू-बी (घरं रिकामी न करता रिपेअर) हे सगळं रीतसर झालं. घोळ कोटेशनपासून सुरू. बाकी दोघांनी आयटमवार बीओक्यू (कुठलं काम किती आणि काय रेटने याची यादी) दिला होता, प्लास्टरचा स्क्वेअर फुटाचा रेट, कॉलम जॅकेटिंग (खांबांना बाहेरून मजबुती) वेगळं, परांची वेगळी. या कॉन्ट्रॅक्टरचं एकच पान, त्यावर 'एक्स्टर्नल रिपेअर, कम्प्लीट जॉब' आणि खाली एक गोल आकडा. आकडा सगळ्यात कमी, विषय संपला. मी जनरल बॉडीत उठून विचारलं की प्लास्टर एक कोट की दोन कोट हे कुठे लिहिलंय, तर 'काका, वर्ल्ड क्लास काम होईल' असं उत्तर मिळालं. मिनिट्समध्ये आहे ते.

मग एकेक गंमत. बिल नको असेल तर १८ टक्के जीएसटी वाचेल असं तो स्वतःच सुचवतो. टीडीएस कापू नका म्हणतो. लेटरहेडवर एक नाव, ॲडव्हान्ससाठी दिलेलं बँक खातं भलत्याच नावाचं. जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला की लीगल नाव, रजिस्ट्रेशनची तारीख, चालू की बंद सगळं दिसतं, दोन मिनिटांचं काम आणि फुकट. लेटरहेडवर २५ वर्षांचा अनुभव, पोर्टलवर रजिस्ट्रेशन २०२३ चं. आता जीएसटीच मुळात १ जुलै २०१७ ला आला त्यामुळे त्याच्या आधीची तारीख कोणाचीच दिसणार नाही हे मान्य, पण २०२३? मजुरांचा विमा मागितला तर 'पाठवतो'. अजून पाठवतोय.

हे सगळं एका बाजूला आणि पाणी मारणं एका बाजूला. माझी बायको म्हणते तुम्ही त्या एकाच गोष्टीवर अडकलाय. हो, अडकलोय! सिमेंटच्या प्लास्टरला किमान सात दिवस ओलं ठेवावं लागतं (यालाच क्युरिंग म्हणतात), नाहीतर सिमेंट पुरतं पकडायच्या आधीच त्यातलं पाणी उडून जातं आणि प्लास्टर कच्चं राहतं. हे कुठलाही मिस्त्री सांगेल. त्या एका पानाच्या तळाला बारीक अक्षरात होतं, 'क्युरिंगचे पाणी सोसायटीने पुरवावे'. बरं, पुरवलं, टँकरचे पैसे पण भरले. पण पाणी मारणार कोण? त्याचा माणूस नाही, वॉचमन म्हणतो माझं काम नाही, आणि नळाला लावलेला पाइप दुसऱ्या मजल्याच्या वर चढतच नाही कारण प्रेशर नाही. छोटा पंप भाड्याने आणायचा, काय खर्च येतो त्याला? मे महिना, पश्चिमेची भिंत, दुपारी हात लावला तर चटका बसेल अशी तापलेली. सुपरवायझरला फोटो पाठवले की निळा अंगठा यायचा.

आता ती भिंत बघा. पेंटखाली कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा. माझ्या गॅलरीबाहेर नाण्याने ठोकलं तर हातभर जागेत पोकळ आवाज येतो. पोपडा उडालाय तिथे नखाने खरवडलं की तळहातावर नुसती वाळू. पेंट मात्र दोन हात मारलाय, गुळगुळीत.

ऑगस्टमधली भर: वरचं लिहिलं तेव्हा मी एक स्टार देणार होतो, पण गच्चीबद्दल खरं सांगायला पाहिजे. गच्चीचा ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा वॉटरप्रूफिंगचा थर) आणि चायना मोझेक (त्यावर टाइल्सचे तुकडे) याच कंपनीचं, पण कोबा घालणारी टोळी वेगळी होती. त्यांच्या म्हाताऱ्या मिस्त्रीने कोणी न सांगता वाळूचे बांध घालून गच्चीवर पाणी भरून ठेवलं, मग खाली चौथ्या मजल्यावर येऊन प्रत्येकाचं सीलिंग बघून गेला. चौथ्या मजल्यावर यंदा एक थेंब नाही. गेली कित्येक वर्षं तिथे बादल्या लागायच्या. म्हणजे काम येणारी माणसं यांच्याकडे आहेत, बाहेरच्या भिंतीला ती दिली नाहीत एवढंच. म्हणून दोन स्टार, आणि दुसरा स्टार त्या मिस्त्रीचा.

पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर दहा वर्षांची वॉटरप्रूफिंग गॅरंटी पण मिळालीय, त्यावरचा ऑफिसचा पत्ता म्हणजे आता मोबाइल ॲक्सेसरीजचं दुकान आहे. खरा उपयोग झाला तो रिटेन्शनचा. आमच्या खजिनदार ताईंनी ॲग्रीमेंटमध्ये बिलाचे पाच टक्के अडकवून ठेवायचा हट्ट धरला, डिफेक्ट लायबिलिटी (कामात दोष निघाला तर त्यानेच दुरुस्त करायची मुदत) बारा महिने, म्हणजे मध्ये एक अख्खा पावसाळा येतोच. तेवढ्यासाठी तो अजून फोन उचलतो. परवा बोलला क्रॅक फिलर भरून वरून एक हात मारून देतो. आम्ही म्हटलं, पोकळ आहे तेवढं फोडून नवीन प्लास्टर, नाहीतर पाच टक्के विसर.

तो करेल असं वाटत नाही, म्हणून दिवाळीनंतर पश्चिमेची बाजू दुसऱ्याकडून करून घ्यायला नवीन कोटेशन मागवलीत. एकाने क्युरिंगची वेगळी आयटमच टाकलीय, पंप आणि एक माणूस, रोज दोन वेळा. काल मीटिंगमध्ये चेअरमनसाहेबांनी चष्मा पुसत तो कागद वाचला आणि म्हणाले, रेट बरा आहे, फक्त ही पाणी मारायची आयटम काढून टाका, आपला वॉचमन मारेल.