राजारामपुरीतली पेल्विक फिजिओथेरपी: हाताला गुण आहे, जिन्याला नाही

लघवीचा कल्चर रिपोर्ट दरवेळी ‘नॉर्मल’ येतो आणि ओटीपोटातला ठणका काही जात नाही, अशा बायकांसाठी हे लिहितेय. बाकीच्यांनी वाचलं तरी हरकत नाही, फक्त जेवताना वाचू नका.

मी कोल्हापुरात, गुजरीत एका सराफी पेढीवर हिशेब बघते. वय 46. दुखणं असं की लघवीची पिशवी जरा भरली की कळ सुरू. ती पुढून जांघेत उतरते आणि मागं माकडहाडाशी जाऊन बसते. जाऊन आलं की थोडा वेळ हायसं वाटतं, की पुन्हा पहिले पाढे. पेढीला मागच्या बाजूला एकच संडास, तोही शेजारच्या दुकानांबरोबर मिळून. मालक भले आहेत, एका शब्दानं बोलत नाहीत. पण गिऱ्हाईकासमोर बिल अर्धं टाकून उठायचं म्हणजे सगळ्यांच्या माना वळतात. घरी सासूबाई विचारायच्या, “सारखी सारखी कुठं जातीस गं?” त्यांना काय सांगणार. अंबाबाईच्या देवळाभोवती, रंकाळ्यावर, स्टँडवर, कुठलं स्वच्छतागृह किती वाजता उघडं असतं हे मला तोंडपाठ आहे. नवरात्रात मी महाद्वार रोडला पाऊलच टाकत नाही.

अँटिबायोटिकचे कोर्स झाले. जंतू सापडत नाहीत तरी गोळ्या चालूच, हा प्रकार इतका चालला की मेडिकलवाला मला लांबून बघूनच पाकीट काढायचा. शेवटी एका युरॉलॉजिस्टनी सगळे कागद जमिनीवर मांडल्यासारखे टेबलावर मांडले, दुर्बीण घालून आत बघितलं आणि नाव सांगितलं: इंटरस्टिशियल सिस्टायटिस. हल्ली त्याला ब्लॅडर पेन सिंड्रोम म्हणतात, म्हणजे लघवीच्या पिशवीचं जुनाट दुखणं. याची अशी एक खात्रीची तपासणी नाही. सहा आठवड्यांहून जास्त दुखणं, जंतुसंसर्ग नाही, खडा नाही, दुसरं कारण नाही, असं एकेक वगळत तिथवर यायचं. काहींना पिशवीच्या आतल्या बाजूला हनर लेजन नावाचे लाल चट्टे दिसतात. ते असले तर तेवढा भाग जाळून किंवा तिथं इंजेक्शन देऊन बऱ्यापैकी आराम पडतो. मला ते नव्हते. म्हणजे चांगलं की वाईट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

रात्री अमिट्रिप्टिलीन 10 मिलिग्रॅम सुरू झाली. ही गोळी मुळात नैराश्याची, पण कमी मात्रेत जुनाट दुखण्यावर देतात. झोप लागली, त्याबद्दल तिचे आभार. सकाळी तोंड कोरडं पडतं आणि डोकं नऊपर्यंत जड राहतं, तेवढं चालवून घेते. पेन्टोसान नावाच्या औषधाचाही विषय निघाला होता. ते वर्षानुवर्षं घेणाऱ्या काहींच्या डोळ्यांच्या पडद्याला इजा झाल्याचं 2018 पासून समोर आलंय, म्हणून आधी डोळे तपासून या म्हणाले. माझा सगळा दिवस आकड्यांत जातो, मी नको म्हटलं. मग त्यांनी एका चिठ्ठीवर ‘पेल्विक फ्लोअर फिजिओ’ एवढंच लिहून दिलं. फिजिओ म्हणजे गुडघा आणि खांदा, एवढीच माझी समज. लघवीच्या पिशवीला कोण शेकणार?

तर क्लिनिक राजारामपुरीत, एका गल्लीत पहिल्या मजल्यावर. नाव इथं मुद्दाम देत नाही, कारण पुढं थोडे चिमटेही काढायचे आहेत, आणि तिथल्या फिजिओ मॅडम मला आवडतात.

पहिल्या दिवशी जवळजवळ पाऊण तास नुसतं बोलणं. कधी दुखतं, बसल्यावर वाढतं का, संबंधाच्या वेळी दुखतं का, बद्धकोष्ठ आहे का, बाळंतपण कसं झालं. इतक्या वर्षांत हे कुणी सलग विचारलंच नव्हतं. मग तपासणी. पोट, मांड्यांची आतली बाजू, कंबर, आणि शेवटी हातमोजा घालून आतून. हे आधी नीट समजावून सांगतात, विचारतात, आणि नको म्हटलं तर बाहेरूनच काम करतात. सोबत कुणाला आत घ्यायचं असेल तर घेता येतं. मी नणंदेला बाहेर बसवलं होतं, तिला आत घेतलं असतं तर साऱ्या मंगळवार पेठेत बातमी झाली असती.

आतून एका जागी त्यांनी बोट टेकवलं आणि मी ओरडले. म्हणजे लघवीची पिशवी दुखते म्हणून जी कळ मी सांगत होते, अगदी तीच कळ. मॅडम म्हणाल्या, “काकू, ही पिशवी नव्हे, हा स्नायू आहे.” (मला काकू म्हणतात, तेही माफ.) पिशवी, गर्भाशय, गुदद्वार यांना खालून पेलून धरणारे जे स्नायू असतात, ते दुखण्याच्या धास्तीनं कायम आवळलेले राहतात. दिवसभर मूठ आवळून ठेवली तर हात दुखणारच, तसं. आवळल्यानं दुखतं आणि दुखतं म्हणून आणखी आवळतं. या आजारात सगळ्यांचं असंच असतं असं नाही, पण पुष्कळांचं असतं, आणि ते बोटानं चाचपूनच कळतं, सोनोग्राफीत सहसा दिसत नाही.

उपचार म्हणजे आवळलेल्या स्नायूच्या त्या गाठीवर हळूहळू दाब देऊन ती सैल होईपर्यंत थांबणं. पोटाच्या खालच्या कातडीला, मांडीच्या आतल्या बाजूला, कुल्ल्याला मालिश. यंत्र नाही, शेक नाही, वायरी नाहीत. खोटं कशाला बोलू, पहिल्या वेळी दुसऱ्या दिवशी जास्त दुखलं. असं होतं हे त्यांनी आधी सांगितलं होतं, म्हणून घाबरले नाही.

आता सगळ्यात कामाची गोष्ट. मोबाईलवर ओटीपोटाच्या व्यायामाचे जे व्हिडिओ फिरतात, ते बहुतेक केगल शिकवतात, म्हणजे आवळा आणि धरा. माझ्या वाट्याला जिममधल्या एका बाईंनी तेच लावून दिलं होतं आणि कळ दुप्पट झाली होती. खोकताना लघवी सुटते त्यांना केगल उपयोगी. स्नायू आधीच आवळलेले असताना मात्र ते करायचे नाहीत. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचनाही हेच म्हणतात: स्नायू दुखरे असतील तर हातानं सैल करणारी फिजिओ द्या, बळकट करणारे व्यायाम टाळा. मॅडमनी मला नेमकं उलटं शिकवलं. उताणं झोपून, गुडघे वर घेऊन, श्वास पोटात खालपर्यंत सोडायचा आणि खालचं सगळं ढिलं टाकायचं. बालासन. भिंतीला पाय लावून पडणं. वाचायला सोपं वाटतं. ढिलं टाकणं किती अवघड असतं हे करून बघा. आपण बायका लहानपणापासून सावरून बसायलाच शिकलेल्या.

याला काही आधार आहे का, हे मी हिशेबनीस असल्यामुळं विचारलंच. 2012 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास त्यांनी दाखवला. हेच दुखणं असलेल्या 81 बायका. निम्म्यांना ही स्नायूंची फिजिओ, निम्म्यांना नुसतं सर्वांगाचं मालिश, आठवड्याला एक तास, जास्तीत जास्त दहा वेळा. पहिल्या गटात 59 टक्के बायकांनी बराच फरक पडल्याचं सांगितलं, दुसऱ्यात 26 टक्क्यांनी. म्हणजे नीट बघा, शंभरातल्या चाळीसेक बायकांना असा फरक पडला नाही. मॅडमनी तेही स्वतःहून सांगितलं. माझा विश्वास तिथं बसला.

याच्या जोडीला वही. किती वाजता गेले, किती झाली, किती दुखलं, आधी काय खाल्लं. वही ठेवणं माझ्या हातचा मळ, पण आपलीच लघवी मापाच्या भांड्यात मोजून लिहायची म्हणजे पहिले दिवस लाज वाटली. त्या वहीवरून दोन वेळांमधलं अंतर थोडं थोडं वाढवत न्यायचं, दहा-पंधरा मिनिटांनी, दुखणं आटोक्यात असेल तेव्हाच. आता मी एका बैठकीत दिवसाची रोकड जुळवते.

खाण्याचं दुःख वेगळं. कोल्हापुरात राहून तिखट सोडा म्हणायला मोठं काळीज लागतं. पण सगळंच सोडायला लावत नाहीत. प्रत्येकीचं वेगळं असतं. संशयाच्या गोष्टी काही आठवडे बंद, मग एकेक करून परत आणून बघायच्या. माझ्या वहीत नापास झालेले: कॉफी, टोमॅटो, लिंबू, मिसळीचा कट. चहा अर्धा कप पास. तांबडा रस्सा सपशेल नापास. पांढरा वाटीभर चालतो, मिरं बेताचं असेल तर. आमच्याकडं रविवारी मटण होतं तेव्हा माझी वाटी वेगळी काढतात आणि दीर म्हणतात, “वहिनी, तुमचं काय पंढरपूरचं ताट झालं की.” हसू दे त्यांना. गंगावेशीतलं धारोष्ण दूध मात्र मला कधीच बाधलं नाही.

आता चिमटे. जिना उभा आणि पायऱ्या अरुंद. ओटीपोट दुखणाऱ्या पेशंटसाठी ही जागा कुणी शोधली देव जाणे. संडास आहे खालच्या मजल्यावर, आणि त्याची किल्ली असते खालच्या झेरॉक्सवाल्याकडं! लघवीच्या पिशवीच्या दवाखान्यात दर पेशंटला झेरॉक्सवाल्यासमोर हात पसरावा लागतो. मी दोनदा बोलले, मॅडम हसून “बघूया” म्हणाल्या. खोलीला दार आहे, पण शेजारच्या भागात फळीचं पार्टिशन. पलीकडं कुणा काकांचा गोठलेला खांदा फिरवत असतात आणि त्यांचं “आई आई गं” आपल्याला ऐकू येतं, म्हणजे आपलंही त्यांना जात असणार. संध्याकाळी वेळ दिलेली असली तरी अर्धा तास पुढं मागं होतं, आणि बसायला प्लॅस्टिकच्या कडक खुर्च्या. मी घरून उशी नेते.

पैसे एका वेळचे 800. माझ्या मेडिक्लेममध्ये ओपीडी बसत नाही, सगळं खिशातून. महिन्याला जाणवतं. पण सुरुवातीचं सलग झालं की त्या स्वतःच अंतर वाढवतात, घरी काय करायचं ते शिकवतात, धरून ठेवत नाहीत. हे मला फार आवडलं.

बरी झाले का? नाही. प्रवासात, पाळीच्या आधी, ताण आला की अजून उसळतं. मार्चअखेरीस तर ठरलेलं. त्या दिवसांत रबरी पिशवीचा शेक घेते, फडक्यात गुंडाळून, कारण रोज उघडा शेक घेतला तर कातडीवर जाळीसारखे काळपट डाग पडतात. पण रात्री एकदाच उठते, आणि पुण्याला एसटीनं जाताना कराड कधी येतंय म्हणून खिडकीला डोळे लावून बसत नाही. पाचपैकी चार. किल्लीचा एक कापला.

लघवीतून रक्त येत असेल, ताप थंडी असेल, तर इथं नको, आधी डॉक्टर गाठा. सगळ्या तपासण्या झाल्यावरच या, मॅडमही कागद बघितल्याशिवाय हात लावत नाहीत. साडीपेक्षा सैल सलवार बरी. शक्यतो सकाळी अकराची वेळ मागा, तेव्हा खांद्यावाले काका नसतात. आणि वर चढायच्या आधीच झेरॉक्सवाल्याकडून किल्ली घेऊन ठेवा, दुपारी एक ते तीन तो जेवायला घरी जातो.