प्रिपोझिशनचा प्राथमिक सराव देणारे ॲप: मांडणी उत्तम, कसोटी अपुरी

इंग्रजी नव्याने शिकणाऱ्यांकडून रोजच्या वापरातील प्रिपोझिशनचा, म्हणजे ‘इन’, ‘ऑन’, ‘ॲट’ यांसारख्या संबंध दाखवणाऱ्या शब्दांचा, सराव करून घेणारे एक मोबाइल ॲप मी स्वतः पूर्ण तपासले असून माझ्याकडे शिकणाऱ्या प्रौढ विद्यार्थ्यांनाही ते वापरायला दिले आहे. ते ‘ए-२’ पातळीसाठी आहे. युरोप परिषदेने २००१ साली प्रसिद्ध केलेल्या भाषा-आराखड्यातील सहा पातळ्यांपैकी ही खालून दुसरी असून, या टप्प्यावरच्या माणसाला स्वतःबद्दल आणि दैनंदिन कामांबद्दल साध्या वाक्यांत बोलता येते. अशा ॲपची ठेवण बहुतेक ठिकाणी सारखीच असते, म्हणून येथे नावापेक्षा रचनेचाच विचार केला आहे. पहिली ओळख करून देण्याचे काम हे ॲप फार चांगले करते. मात्र शिकणारा जेथे खरोखर अडखळतो, ती जागा त्याच्या प्रश्नांमध्ये जवळजवळ येतच नाही.

आधी जमेची बाजू. वेळेसंबंधीचा धडा मला सर्वांत आवडला. घड्याळातील वेळेला ‘ॲट’, वार आणि तारखेला ‘ऑन’, महिना, ऋतू आणि वर्षाला ‘इन’ हे तीन नियम सांगून ॲप तेथेच थांबत नाही, तर ‘इन द मॉर्निंग’ आणि ‘ऑन मंडे मॉर्निंग’ ही उदाहरणे एकाखाली एक ठेवून वाराचा उल्लेख आला की ‘इन’ची जागा ‘ऑन’ घेते, हे डोळ्यांना दिसेल अशा रीतीने दाखवते. ‘ॲट नाइट’ हा अपवादही त्याच धड्यात येतो, पुढे कधीतरी नव्हे. ब्रिटिश लोक ‘ॲट द वीकेंड’ आणि अमेरिकन लोक ‘ऑन द वीकेंड’ म्हणतात, हे सांगायलाही ॲप विसरत नाही. दोन वेगवेगळ्या ठिकाणी दोन रूपे वाचून गोंधळलेल्या विद्यार्थ्याला या एका ओळीने मोठा दिलासा मिळतो.

स्थळाच्या धड्यातील चित्रे नेमकी आहेत. ‘ऑन’ म्हणजे केवळ ‘वर’ असे गृहीत धरणाऱ्याला भिंतीवरचे चित्र आणि छतावर उलटी बसलेली माशी दाखवली की पृष्ठभागाला टेकलेले असणे हे त्या शब्दाचे खरे लक्षण असल्याचे वेगळे सांगावे लागत नाही. वाहनांच्या बाबतीत मात्र ‘इन अ टॅक्सी’ आणि ‘ऑन अ बस’ अशी नुसती यादी दिली आहे. ज्या वाहनात उभे राहून चार पावले टाकता येतात त्याला बहुधा ‘ऑन’ आणि ज्यात शिरून बसूनच राहावे लागते त्याला ‘इन’, एवढे एक वाक्य जोडले असते तरी ती यादी पाठ करावी लागली नसती.

आता मुख्य आक्षेप. ॲपमधील जवळजवळ प्रत्येक प्रश्न रिकाम्या जागेचा असून खाली तीन पर्याय दिलेले असतात. रिकामी जागा दिसली की येथे काहीतरी हवे आहे हे शिकणाऱ्याला आयतेच कळते. प्रत्यक्ष बोलताना मात्र प्रिपोझिशन हवे की नको, हेच आधी ठरवावे लागते. त्यामुळे सगळी उत्तरे बरोबर देणारा विद्यार्थी लिहायला बसला की ‘आय विल कम ऑन नेक्स्ट मंडे’ किंवा ‘वुई डिस्कस्ड अबाउट द प्लॅन’ असे लिहितो आणि दुसरीकडे ‘आय ॲम वेटिंग यू’ किंवा ‘आय लिसन म्युझिक’ असे म्हणून मोकळा होतो. पहिल्या दोन वाक्यांत प्रिपोझिशन नको, पुढच्या दोन्हींत अनुक्रमे ‘फॉर’ आणि ‘टू’ हवे. ‘नेक्स्ट’, ‘लास्ट’, ‘एव्हरी’ यांनी सुरू होणारे वेळेचे शब्द, ‘गो होम’, ‘एंटर द रूम’ ही सर्व ठिकाणे प्रिपोझिशनविना आहेत आणि प्राथमिक पातळीवर ती सतत लागतात. पर्यायांमध्ये ‘काहीच नको’ असा चौथा पर्याय ठेवला, तरी ही उणीव बरीचशी भरून निघेल. माझ्या मते सुधारणेची सुरुवात येथूनच व्हायला हवी.

दुसरी अडचण खास मराठी भाषकांची आहे. ‘शुक्रवारपर्यंत काम संपव’ आणि ‘शुक्रवारपर्यंत इथेच राहा’ या दोन्ही वाक्यांत आपण ‘पर्यंत’च वापरतो, इंग्रजीत मात्र मुदतीसाठी ‘बाय’ आणि त्या क्षणापर्यंत चालू राहणाऱ्या गोष्टीसाठी ‘अंटिल’ लागते. ‘पासून’चेही तसेच आहे: सोमवारपासून म्हणजे ‘सिन्स मंडे’, पण दोन वर्षांपासून म्हणजे ‘फॉर टू इयर्स’. या जोड्या ॲपमध्ये एकमेकींपासून लांबच्या धड्यांत विखुरल्या आहेत आणि एकाच प्रश्नात समोरासमोर कधी येत नाहीत. उत्तर चुकले की लाल रंगात योग्य शब्द दिसतो, पण कारण मिळत नाही.

ध्वनिमुद्रण स्वच्छ आहे, परंतु गरजेपेक्षा अधिक स्वच्छ. ‘टू’, ‘फॉर’, ‘ॲट’ हे शब्द सहज बोलण्यात आघात न घेता पुसट उच्चारले जातात आणि ‘व्हॉट आर यू लुकिंग ॲट?’ यासारख्या वाक्यात शेवटी आले तरच पूर्ण ऐकू येतात. येथे प्रत्येक शब्द सुटा आणि ठळक वाचला आहे. त्या सवयीच्या कानाला पुसट शब्द ऐकूच येत नाही, आणि जो ऐकू येत नाही तो बोलतानाही गळतो.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने हे ॲप जरूर वापरावे; वेळ आणि स्थळ यांच्या धड्यांसाठी तर मी ते निःशंकपणे सुचवेन. मात्र प्रत्येक धड्यानंतर फोन बाजूला ठेवून स्वतःच्या दिवसाबद्दल काही वाक्ये कोऱ्या कागदावर लिहावीत, ती जाणकाराकडून तपासून घ्यावीत आणि त्यात जादा पडलेले व गळलेले शब्द वेगवेगळ्या रंगांनी खुणावून ठेवावेत.