‘पोटात गोळा आला’ याला गुण किती? भावनिक बुद्धिमत्तेच्या दोन चाचण्या, आठ महिन्यांनंतर

गेल्या जुलैपासून फेब्रुवारीपर्यंत नववीच्या एका तुकडीवर, म्हणजे ४१ मुलामुलींवर, भावनिक बुद्धिमत्ता मोजायची दोन साधनं मी वापरून पाहिली. मी मराठी शिकवते. समुपदेशनाचा तास शाळेत कुणालाच नको होता, तो माझ्या गळ्यात पडला, आणि त्यापायी पन्नाशीला टेकल्यावर मानसशास्त्राचं एम.ए. बाहेरून करायला घेतलं. हा सगळा खटाटोप त्याच्या लघुप्रबंधासाठी. दुसऱ्या शाळांतल्या मैत्रिणी विचारतात, ‘आम्हीही घेऊ का गं ती चाचणी?’ फोनवर दर वेळी अर्धा तास जातो, म्हणून एकदाच लिहून काढते.

पहिलं साधन म्हणजे टीईआयक्यू या भावनिक बुद्धिमत्तेच्या प्रश्नावलीची किशोरांसाठीची छोटी आवृत्ती. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातले के. व्ही. पेट्रिडिस यांनी ती केली. १३ ते १७ वयासाठी आहे, ३० विधानं आहेत, प्रत्येकापुढे १ ते ७ यांतला एक आकडा निवडायचा. संशोधनासाठी ती विनामूल्य मिळते आणि निवडीमागचं पहिलं कारण अर्थातच तेच. मुलांसाठीच्या बार-ऑन यांच्या ६० विधानांच्या चाचणीबद्दलही वाचलं होतं. ती ७ ते १८ वयाला चालते, बुद्ध्यांकासारखा १०० सरासरीचा आकडा देते, पण विकत घ्यावी लागते. आमच्या शाळेत खडूचं बिल मंजूर व्हायला महिना लागतो.

टीईआयक्यूला वेळ कमी लागतो म्हणतात. आमच्या मुलांना पहिल्या खेपेला पस्तीस मिनिटांचा अख्खा तास पुरला नाही, आणि त्यात मुलांचा दोष नव्हता. दोष आमच्या मराठीचा होता. मी भाषांतर केलं, इंग्रजीच्या सरांनी ते मूळ न पाहता परत इंग्रजीत नेलं, मार्गदर्शक मॅडमनी दोन्ही ताडून पाहिली. नियमाप्रमाणे सगळं झालं. तरी पहिल्याच विधानात ‘भावना’ शब्द आला आणि वर्ग फुटला, कारण दुसऱ्या बाकावर एक भावना बसते. पुढच्या पाच मिनिटांत काय झालं ते सांगायला नको. पण विचार करा, चौदा वर्षांचं पोर ‘भावना’ हा शब्द एरवी वापरतं कुठे? भावना दुखावतात तेव्हा, बातमीत. ‘दुसऱ्यांच्या भावना मला समजतात’ हे पाठ्यपुस्तकातलं मराठी झालं. ‘समोरच्याच्या मनात काय चाललंय ते मला कळतं’ असं केल्यावर माना हलल्या.

त्याहून मोठा घोळ सात पायऱ्यांचा. ‘असहमत’ जड वाटतं म्हणून आम्ही हौसेनं ‘अजिबात पटत नाही’ ते ‘पूर्णपणे पटतं’ असं ठेवलं होतं. या प्रश्नावलीत ३० पैकी १५ विधानं उलटी आहेत, म्हणजे ‘मला अमुक जमत नाही’ छापाची, तिथे गुणही उलटे मोजायचे. ‘राग आवरणं मला अवघड जातं’ अशा अर्थाच्या एका विधानापुढे एका मुलानं ‘अजिबात पटत नाही’वर गोल केला. हा मुलगा रागाचा केवढा ते अख्ख्या शाळेला ठाऊक. विचारलं तर म्हणाला, ‘बाई, राग आवरला पाहिजे ना? आवरता येत नाही हे काय पटण्यासारखं आहे का?’ त्यानं कबुली द्यायच्या ऐवजी मत दिलं होतं, आणि पट्टीवर तो संतमहात्मा ठरला. मराठीत एखादी गोष्ट पटत नाही म्हणजे ती खोटी असंच काही नाही, ती बरी वाटत नाही. तो गठ्ठा रद्दीत गेला. दुसऱ्या आवृत्तीत ‘माझ्या बाबतीत अगदी खोटं’ पासून ‘अगदी खरं’ पर्यंत पायऱ्या केल्या, तेव्हा गाडी रुळावर आली. मधल्या ४ चं कोडं मात्र शेवटपर्यंत सुटलं नाही. एकीनं समासात लिहिलं होतं, ‘४ म्हणजे कधी कधी, की माहीत नाही?’ मलाही नीट सांगता आलं नाही.

आता आकडे. तिसांची सरासरी काढायची, ती ७ पैकी येते. वर सांगितलेल्या मुलाला सुधारलेल्या प्रश्नावलीतही ५.९ मिळाले. त्याच आठवड्यात कबड्डीच्या सामन्यानंतर त्यानं एकाला चांगलंच बदडलं होतं. मी खासगीत बोलवून विचारलं, तर शांतपणे म्हणाला, ‘मी रागात नाही मारलं बाई. ठरवून मारलं.’ यावर काय बोलणार? उलट एक मुलगी, जिच्याजवळ मधल्या सुट्टीत निम्म्या वर्गातल्या पोरी रडगाणी घेऊन जातात, तिला ३.४. तिचं म्हणणं, ‘मला सगळ्यांचं फार लागतं, म्हणून मला काहीच जमत नाही.’

पहिल्यांदा वाटलं, चाचणी फसवी आहे. नंतर पेट्रिडिस यांचंच लिखाण लक्ष देऊन वाचलं. ही क्षमता मोजणारी चाचणी आहे असा त्यांचा दावाच नाही. आपल्या भावनिक वागण्याविषयी माणसाची स्वतःची जी समजूत असते ती मोजली जाते, आणि ते तिला स्वभावाचा भाग मानतात. साधन प्रामाणिक होतं, मीच त्याला बुद्धिमत्तेचा तराजू समजत होते. १९९० मध्ये सालोव्ही आणि मेयर या मानसशास्त्रज्ञांनी भावनिक बुद्धिमत्तेची कल्पना मांडली तेव्हा ती क्षमता म्हणून मांडली, आणि मग त्यांच्या परंपरेतल्या चाचण्यांत चेहरे ओळखा, प्रसंग सोडवा असे प्रश्न आले. तिथेही बरोबर उत्तर ठरतं ते बहुसंख्यांच्या किंवा तज्ज्ञांच्या मतावर. त्याचं ‘बरोबर’ गणितासारखं नसतं. या दोन जातींच्या चाचण्यांचे गुण एकमेकांशी जेमतेमच जुळतात. नाव मात्र दोन्हींवर एकच, आणि पालकसभेत तर आयक्यूच्या धर्तीवर थेट ‘ईक्यू’, म्हणजे भावनिक गुणांक.

पालकसभेचं निघालंच आहे तर सांगते. संमतीपत्रं घ्यायला सभा घेतली, तेव्हा एका आईनं पिशवीतून रंगीत फाइल काढली. कुठल्याशा संस्थेनं काही हजार रुपये घेऊन मुलीच्या दहा बोटांचे ठसे तपासले होते आणि त्यावरून आयक्यू, ईक्यू आणि आणखी कसले कसले क्यू टक्क्यांत काढून दिले होते. ईक्यूपुढे २३ टक्के. ‘हिला माणसं कळणार नाहीत म्हणे,’ आई म्हणाली, आणि मुलगी शेजारीच उभी. ठशांचा आराखडा आईच्या पोटात असतानाच ठरतो, पुढे बदलत नाही. भावना ओळखणं आणि आवरणं ही तर वाढत्या वयात शिकायची गोष्ट. बोटांच्या ठशांवरून बुद्धी सांगायच्या या डीएमआयटी नावाच्या प्रकाराला शास्त्रीय आधार नाही, असं इंडियन सायकिॲट्रिक सोसायटीनं जाहीर म्हटलेलं आहे. मी ते सांगितलं. फाइल मात्र पिशवीत परत जपून ठेवली गेली. पैसे मोजलेले असतात ना.

दुसरं साधन मला जास्त भावलं, आणि डोकंही त्यानंच जास्त खाल्लं. मोठ्यांसाठी रिचर्ड लेन आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये भावनांची जाण मोजायची एक पद्धत काढली होती, तिचं मुलांसाठीचं रूप २००५ मध्ये आलं, त्याला लीस-सी म्हणतात. १२ प्रसंग द्यायचे. प्रत्येक प्रसंगी ‘तुला काय वाटेल?’ आणि ‘समोरच्याला काय वाटेल?’ एवढंच विचारायचं. पर्याय नाहीत, पट्टी नाही, मूल लिहील ते लिहील. गुण शब्दांवरून. भावनाच नसेल तर ०, नुसती शरीराची जाणीव १, ‘वाईट वाटलं’ असं मोघम किंवा काहीतरी करावंसं वाटणं २, नेमकी एक भावना ३, मिश्र भावना ४. स्वतःला आणि दुसऱ्याला दोन्हीकडे ४ आणि शिवाय ती उत्तरं वेगवेगळी असतील, तर ५. आम्ही त्या धर्तीवर आमच्या मुलांच्या जगातले बारा प्रसंग केले. स्नेहसंमेलनाच्या नाटकात जिवलग मित्राला राजाचं काम मिळालं नि तुला भालदाराचं, सहामाहीचा पेपर हातात पडला, असे.

पेपरच्या प्रसंगाला सतरा जणांनी लिहिलं, ‘पोटात गोळा येईल’. नियमाप्रमाणे ही शरीराची जाणीव, गुण १. आता सांगा, मराठी माणसाच्या पोटात गोळा येतो तेव्हा तो पोटाबद्दल बोलत असतो का? ती भीती आहे, आणि साधी भीती नाही, काहीतरी वाईट कळणार आहे याची आहे. ‘धस्स झालं’ हे वेगळं, ते अचानक होतं. ‘पोटात कालवलं’ म्हणजे दुसऱ्याचं दुःख बघवत नाही. ‘अंगाचा तिळपापड’ म्हणजे राग. तोंडचं पाणी पळतं, जीव टांगणीला लागतो, आणि निकाल लागला की भांड्यात पडतो. या भांड्याला कुठल्या पायरीवर ठेवायचं? आपली भाषा भावना शरीरातच साठवते. इंग्रजीच्या पायऱ्या तशाच लावल्या असत्या तर घरी ठसठशीत मराठी ऐकणारी मुलं खाली गेली असती आणि ‘मला भीती वाटेल’ असं कोरडं लिहिणारी वर. मार्गदर्शक मॅडमशी दोन आठवडे वाद घालून ठरवलं, की ज्या वाक्प्रचाराची भावना ठरलेली आहे त्याला ३.

‘वाईट वाटलं’नं तर पार घाम काढला. ओरडा बसला म्हणून वाईट वाटलं, म्हणजे दुखावलो. मित्र नापास झाला म्हणून वाईट वाटलं, म्हणजे कीव किंवा कणव. खोटं बोललो त्याचं वाईट वाटलं, म्हणजे पश्चात्ताप. मराठीत एका शब्दावर तीन माणसं जेवतात. कारण स्पष्ट असेल तर ३, नसेल तर २, असा मध्यम मार्ग काढला. तरी मी आणि दुसऱ्या तपासणाऱ्या बाई यांचे गुण प्रत्येक गठ्ठ्यात कुठे ना कुठे वेगळे निघालेच. ‘टेन्शन’ आणि ‘बोअर’ या दोन शब्दांचं काय केलं ते विचारू नका.

पण या बारा प्रसंगांनी वर्गात बोलणं सुरू झालं. मागच्या भिंतीवर एक कागद लावला. मुलांना नवा शब्द सापडला की त्यांनी तिथे लिहायचा. हिरमोड, धास्ती, चडफड, ओशाळणं, हुरहूर, कानकोंडं. हेवा आणि मत्सर यांत फरक काय, यावर व्याकरणाचा एक तास गेला, आणि इतका चांगला तास वर्षात दुसरा झाला नाही. भालदाराच्या प्रसंगावर एक मुलगा अडखळत म्हणाला, ‘म्हणजे बाई, मला राजा व्हायचंय पण त्याच्याकडून काढून घ्यावं असं नाही वाटत, तो हेवा. आणि त्याचा मुकुट पडावा असं वाटतं, तो मत्सर?’ मागून कुणीतरी ओरडलं, ‘मग तुला दोन्ही!’ आणि तो हसून म्हणाला, ‘हो.’ पट्टीवर याला ४ मिळतात.

जानेवारीत दोन्ही पुन्हा घेतलं. प्रसंगांचे गुण वाढले, त्याचं मला फार कौतुक नाही. शब्द आम्हीच शिकवायचे, परीक्षा आम्हीच घ्यायची, मग वाढणारच. गंमत प्रश्नावलीची झाली. वर्गाची सरासरी ५.१ वरून ४.८ वर आली. मुख्याध्यापकांना क्षणभर वाटलं मी सहा महिन्यांत मुलं बिघडवली. एकच तुकडी, तुलनेला दुसरा वर्ग नाही, दोघं गैरहजर, त्यामुळे यावरून काही सिद्ध होत नाही. माझा अंदाज असा, की जुलैत नावं लिहून घेतली होती, जानेवारीत सांकेतिक क्रमांक दिले. नाव नसलं की मुलं खरं बोलतात. ठरवून मारणाऱ्यानं या वेळी रागाच्या विधानांवर स्वतःला खाली आणलं होतं. का, ते मी विचारलं नाही.

शिक्षकांचं मतही घेऊन पाहिलं. वर्गशिक्षकांनी ‘भावनिक स्थैर्य’ या रकान्यात वरचे गुण दिले ते जवळजवळ सगळे गप्प बसणाऱ्यांना. त्यांना हसायचा मला अधिकार नाही. वर्णनात्मक नोंदी आपण सगळेच तयार यादीतून उतरवतो, ‘इतरांशी मिळून मिसळून वागतो’ हे वाक्य मी स्वतः किती प्रगतिपुस्तकांत लिहिलंय देव जाणे. आणि हे आपल्याकडचंच आहे असं नाही. १९८७ मध्ये मानसशास्त्रज्ञ आखेनबाख आणि सहकाऱ्यांनी ११९ अभ्यास एकत्र करून पाहिलं, की मुलांच्या वागण्याच्या आणि भावनांच्या अडचणींबद्दल वेगवेगळी माणसं किती एकसारखं सांगतात. पालक आणि शिक्षक यांसारख्या वेगळ्या भूमिकेतल्या मोठ्यांत सहसंबंध (पूर्ण जुळलं तर १, काहीच नाही तर ०) ०.२८ निघाला, मूल आणि मोठे यांच्यात ०.२२. घरातलं पोर आणि वर्गातलं पोर वेगळं असतं, हे तर कुठलीही आई सांगेल.

मग घ्यावी का? नववी-दहावीला, नाव न लिहिता, वर्गाचा अंदाज घ्यायला प्रश्नावली चालेल. भाषांतर आधी चार-पाच मुलांकडून मोठ्यानं वाचून घ्या आणि ‘पटतं’ शब्द टाळा. पाचवी-सहावीला हीच देऊ नका, वयोगट तो नाही. एकेका मुलाचा आकडा कुणालाही सांगू नका, मुलालाही नाही. प्रसंगांचं साधन वेळखाऊ आहे, एका गठ्ठ्याला माझे तीन रविवार जात, पण एकच घ्यायचं तर मी तेच घेईन, गुण न देतासुद्धा.

मुख्याध्यापकांनी परवा विचारलं, समग्र प्रगती पत्रकात हे आकडे घालता येतील का, पालकांना बरं वाटतं. मी सांकेतिक क्रमांकांची यादी घरी आणून ठेवली आहे. भिंतीवरचा कागद फेब्रुवारीत फाटायला आला होता, तो काढायला गेले तर पोरांनी काढू दिला नाही. खाली नवा चिकटवला आहे. त्यावर पहिला शब्द कुणीतरी पेन्सिलीनं, बारीक अक्षरात लिहिलाय, ‘सुटल्यासारखं’.