नवी पेठेतलं दुकान, ब्रँडचं शोरूम की ऑनलाइन? ब्रा घेताना भरवसा कशावर ठेवायचा

सोलापुरात ब्रा घ्यायला गेलेली बाई काउंटरवर बहुतेक वेळा एकच आकडा सांगते: "छत्तीस द्या." कप कुठला, हे घेणारी सांगत नाही आणि देणारा विचारत नाही. डबा उघडतो, एक काळी आणि एक स्किन कलरची पुढे येते, पैसे देऊन पाकीट घाईने पर्समध्ये जातं. घरी घालून बघितलं की काखेत टोचतं, नाहीतर खांद्यावर वळ उठतात. तरी तीच वापरली जाते, कारण बदलून मागायला पुन्हा त्याच काउंटरवर कोण जाणार? रोज बारा-चौदा तास अंगाला असणाऱ्या कपड्याच्या बाबतीत इतकं सोसायची काही गरज नाही, असं मला अगदी मनापासून वाटतं.

कुठून घ्यायची हे ठरवण्याआधी माप कसं काढायचं ते ठरवावं लागतं. त्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत आणि त्या एकाच बाईला वेगवेगळी उत्तरं देतात.

जुनी पद्धत की सरळ माप

शिवणकामाची टेप घ्या. आरशासमोर उभं राहून स्तनांच्या लगेच खाली, पाठीवर टेप आडवी सरळ राहील अशी धरा. श्वास सोडा आणि टेप अंगाला घट्ट लावून आकडा बघा. हा खालचा घेर. मग पॅड नसलेली ब्रा घालून छातीच्या सगळ्यात भरलेल्या जागेवरून, टेप न आवळता दुसरं माप घ्या. हा वरचा घेर.

समजा खालचा घेर ३१ इंच आला आणि वरचा ३७. जुनी पद्धत म्हणते, खालच्या घेरात विषम आकडा असेल तर ५ आणि सम असेल तर ४ मिळवा. म्हणजे ३१ चे झाले ३६. वरचा घेर त्याहून १ इंच जास्त, म्हणजे कप ए. उत्तर ३६ए. सरळ मापाची पद्धत काहीच मिळवत नाही. ३१ ला लागून पुढचा सम आकडा ३२, आणि ३७ मधून ३२ गेले की उरले ५. एक इंचाला ए, दोनला बी, तीनला सी, चारला डी, पाचला डीडी. उत्तर ३२डीडी.

बाई तीच, टेप तीच, पण एक पद्धत ३६ए सांगते आणि दुसरी ३२डीडी. खरं कोणाचं? ते कापडावर ठरतं. नुसत्या सुती कापडाची, पाठीवर दोन बोटं इलॅस्टिक असलेली जी साधी ब्रा आपल्याकडे अजून भरपूर विकली जाते, ती ताणत नाही. तिथे ३२ घातलीत तर श्वास कोंडेल. स्पँडेक्स हा ताणला जाणारा धागा १९५८ साली आला आणि छातीखालून पाठीवर जाणारे पट्टे चांगले ताणले जायला लागले. असल्या ताणणाऱ्या पट्ट्याला चार-पाच इंच मिळवले तर तो पाठीवर वर चढतो. इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही पारंपरिक टेपची पद्धत बहुतेक बायकांना पट्टा मोठा आणि कप लहान सांगते, असंच दिसलं. त्यांचाही सल्ला असाच, की आकड्यापेक्षा अंगावर कशी बसते ते बघा.

त्यात डब्यावरचा आकडा म्हणजे तुमच्या अंगाचे इंच नव्हेतच. अनेक डब्यांवर ३४ च्या शेजारी ७५ सें.मी. छापलेलं असतं. ७५ सें.मी. म्हणजे साडेएकोणतीस इंच. म्हणून त्या ब्रँडचा तक्ता सेंटीमीटरमध्ये वाचावा.

मी या दोन टोकांच्या मधून सुरुवात करेन. वरच्या उदाहरणातल्या बाईने आधी ३४सी घालून बघावी. पट्टा सैल वाटला तर ३२डी, आवळला तर ३६बी. पट्टा एक साइज खाली आला की कप एक अक्षर वर जातो, पट्टा वर गेला की कप खाली येतो, आणि कपात मावणारा भाग जवळपास तेवढाच राहतो. ३२डी, ३४सी आणि ३६बी या बहिणी-बहिणी. दुकानदार "तीच साइज आहे, घ्या" म्हणून ३४सी ऐवजी ३६सी पुढे करतो, तेव्हा हे लक्षात असू द्या. ३६सी चा कपही मोठा असतो.

अंगावर काय बघायचं

नवी ब्रा सगळ्यात बाहेरच्या, म्हणजे सैल हुकावर बरोबर बसली पाहिजे. आतले हूक पुढे पट्टा सैलावला की कामाला येतात. दुकानातच सगळ्यात आतल्या हुकावर लावावी लागत असेल तर पट्टा मोठा आहे. पट्ट्याखाली दोन बोटं जातील, पण मूठ जाणार नाही. मग दोन्ही हात वर करा, वरच्या फडताळातला डबा काढतो तसे. पट्टा जागचा हलला नाही आणि खालून काही बाहेर आलं नाही, तर बरंचसं काम झालं. भार हा पट्टा पेलतो, खांद्याचे पट्टे नाही. खांद्यावर खाचा पडत असतील तर बहुतेकदा खालचा पट्टा सैल असतो, आणि बिचाऱ्या खांद्यांना त्याचं काम करावं लागतं.

वरून किंवा काखेकडून अंग बाहेर येत असेल तर कप लहान. कापडाला सुरकुत्या पडत असतील तर कप मोठा, किंवा त्याचा आकार तुमच्यासाठी नाही. तार असलेल्या ब्रात मधला भाग छातीच्या हाडाला टेकायला हवा आणि तारेचं टोक स्तनाच्या मागे, बरगडीवर यायला हवं, स्तनावर नाही. एक बाजू थोडी मोठी असणं अगदी नेहमीचं आहे. माप मोठ्या बाजूचं धरा आणि लहान बाजूचा खांद्याचा पट्टा थोडा आवळा.

तीन जागा

नवी पेठ आणि चाटी गल्लीच्या आसपासच्या दुकानांत स्वस्ताई आहे, आणि साध्या सुती ब्रासाठी तिथेच जावं असं माझं मत आहे. अडचण दोन गोष्टींची. घालून बघायला बहुतेक ठिकाणी मिळत नाही, आणि माल बराचसा बी कपचा असतो. सी किंवा डी मागितली की पट्टा मोठा करून दिला जातो. त्यावर उपाय आहे: काउंटरवर बाई असेल असं दुकान शोधा, दुपारी गर्दी नसताना जा, आणि "३४सी, नसेल तर ३२डी" असं स्पष्ट सांगा. शहराच्या पूर्वभागात तर तुम्ही तेलुगूत विचारलंत तरी चालतं. लेबल न काढता दुसऱ्या दिवशी बदलून देणार का, हे पैसे देण्याआधी विचारा. एकच घ्या, डझनभर नको.

शोरूममध्ये दीड-दोनपट पैसे जातात, कधी त्याहून जास्त. पण ट्रायल रूम असते, आणि सी, डी, डीडी असे कप मिळायची शक्यता जास्त. आयुष्यात पहिल्यांदा बरोबर माप कळायचं असेल, किंवा बाळंतपणानंतर अंग बदललं असेल, तर एकदा इथे जाणं पैसे वसूल करतं. घाईने ट्रायल करू नका. वर स्वतःचा कुर्ता किंवा ब्लाउज घालून, बसून, वाकून बघा. दोन वेगळ्या साइज आत मागवायला लाजू नका.

ऑनलाइन निवड सगळ्यात मोठी. ज्यांचा पट्टा ३० किंवा कप ई-एफ आहे त्यांना सोलापुरात वणवण करण्यापेक्षा हेच बरं. पण अंतर्वस्त्रं परत न घेण्याचा नियम बऱ्याच विक्रेत्यांचा असतो, तो ऑर्डर करण्याआधी वाचायचा. आणि हा मार्ग माप आधीच माहीत असलेल्या बाईसाठी. त्याच ब्रँडचं तेच मॉडेल पुन्हा मागवायचं असेल तर याच्याइतकं सोयीचं काही नाही.

निवड करायचीच झाली, तर माप माहीत नसताना शोरूम, माहीत झाल्यावर रोजच्या सुतीसाठी नवी पेठ, आणि न मिळणाऱ्या साइजसाठी ऑनलाइन.

आपल्या उन्हात कोणती

एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या वर जातो. जाड पॅड घाम धरून ठेवतो आणि पट्ट्याखाली घामोळं उठतं. रोजसाठी पॅड नसलेली, सुती अस्तराची बरी. पॅडेड ब्रा टी-शर्टखाली किंवा लग्नाच्या ब्लाउजखाली छान दिसते, पण ब्लाउज शिवायला टाकताना हीच ब्रा घालून टेलरकडे जा, नाहीतर टक्स वेगळ्याच जागी येतात. तारेच्या ब्राने कॅन्सर होतो ही भीती मात्र सोडून द्या. अमेरिकेतल्या सिएटलमध्ये झालेल्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असा संबंध आढळला नाही. गाठ लागली, त्वचा ओढल्यासारखी दिसली किंवा स्राव आला तर मात्र साइजचा विचार बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जायचं.

पोलीस भरतीसाठी मैदानावर ८०० मीटरचा सराव करणाऱ्या मुलींनी रोजची ब्रा घालून धावू नये. लहान छातीला दाबून धरणारी साधी स्पोर्ट्स ब्रा पुरते. सी-डी किंवा मोठी असेल तर दोन वेगळे कप आणि मागे हूक असलेली घ्यावी, म्हणजे दोन्ही बाजू वेगळ्या धरल्या जातात. घालून जागच्या जागी दोन-चार उड्या मारून बघा.

धुताना गार पाणी आणि हाताने. गरम पाण्याने इलॅस्टिक लवकर जातं, आणि पिळून कडक उन्हात टाकली तर आणखी लवकर. एकच रोज न घालता दोन-तीन आळीपाळीने वापरा. पट्टा सगळ्यात आतल्या हुकावरही सैल व्हायला लागला की ती बदलायची, आणि नवी घेण्याआधी टेप पुन्हा लावायची, कारण वजन, पाळीचे दिवस, बाळंतपण आणि वय, सगळ्यांनी माप हलतं.